न चाखलेला घास

"चाखू नोको, पोरी. नाकानं पाह्य, कानानं पाह्य, पन जिभेले लावू नोको. देवाच्या आधी जिभेले कळलं, का सारं उष्टं."

सासूबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण हा आवाज इंदुताईंच्या कानात नव्हता, हातात होता. पळी उचलली की तो उठायचा. लग्न होऊन आर्णीच्या घरात आल्या त्याच्या दुसऱ्याच सकाळी वरणातलं मीठ बघायला म्हणून त्यांनी तळहातावर थेंबभर वरण घेतलं होतं, आणि सासूबाईंनी मनगट धरलं होतं. रागानं नाही, समईकडे जाणाऱ्या लेकराचं धरावं तसं. तेव्हापासून नैवेद्य दाखवल्याशिवाय त्यांच्या जिभेला चुलीवरचं काही लागलं नाही. तूर शिजत आली की तिचा वास जड होतो, मीठ पडलं की उकळीचा आवाज जरा खाली बसतो, भाकरी फुगायच्या आधी श्वास घेते, हे सगळं त्या शिकल्या. पुढे यवतमाळात बिऱ्हाड केलं, गॅस आला, मिक्सर आला, सासूबाई गेल्या, तरी नेम राहिला. पाहुणे म्हणायचे, चाखल्याशिवाय मीठ बसतं कसं हो तुमचं? त्या म्हणायच्या, बसवणारा बसवतो. त्या वाक्याच्या पोटात एक बारीक अभिमान होता, हे त्यांना माहीत होतं. दर एकादशीला तो त्या बाळकृष्णापुढे सोडून द्यायच्या आणि द्वादशीच्या पारण्याला तो मुकाट्यानं परत घरात आलेला असायचा.

आज माघातली कोरडी सकाळ होती आणि त्या गॅलरीत पाटावर बसून लसूण कुटत होत्या. थंडीनं खालचा ओठ मधोमध फुटला होता. दगडी खल त्यांनी मुद्दाम स्वयंपाकघराबाहेर ठेवला होता, कारण लसूण त्या घराच्या चुलीजवळ कधी आलाच नव्हता. कच्च्या पाकळ्या, ओली हळद, चिमूटभर मिरी. रोजचंच. बत्त्याखालून एक कण उडाला आणि नेमका ओठाच्या भेगेत बसला. आधी काही कळलं नाही. मग कुणीतरी तिथे पेटत्या उदबत्तीचं टोक टेकवून धरल्यासारखं झालं. "आई गं," असं त्या मोठ्यानं म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता जीभ आपसूक बाहेर आली, भेगेवरून फिरली आणि आग आत घेऊन गेली. त्यांनी तांब्या तोंडाला लावला. चूळ भरली, परत भरली. आग हलली नाही. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. हेच पाणी, त्यांच्या मनात आलं, हे पाणी मी कुठेतरी पाहिलेलं आहे. आणि मग त्या तशाच बसून राहिल्या, पदर ओठावर दाबून, समोरच्या कडुनिंबाकडे बघत.

कुठेतरी नाही. रोज सकाळी, आतल्या खोलीत, खिडकीजवळच्या खाटेवर बसलेल्या वामनरावांच्या डोळ्यांत. वाटीतल्या मधात कालवलेलं हे वाटण, औषधाला दोष नसतो म्हणून, त्या बाळकृष्णापुढे ठेवायच्या, वर तुळशीचं पान ठेवायच्या, हात जोडायच्या आणि नवऱ्याच्या तोंडात बोटानं सोडायच्या. ते तोंड उघडायचे, जितकं आता उघडतं तितकं, आणि डोळे मिटून गिळायचे. डोळ्यांच्या कडांतून पाणी यायचं. त्या ते पदरानं टिपायच्या आणि मनात म्हणायच्या, औषध लागतंय. मग ते बराच वेळ खिडकीकडे तोंड करून बसायचे, ओठ विलग ठेवून. इंदुताईंना वाटायचं, स्टँडवर जाणाऱ्या गाड्या बघत बसलेत बिचारे. जन्म त्याच स्टँडवर गेला ना. एसटीत वाहतूक नियंत्रक होते ते. दारव्हा, दिग्रस, पुसदकडे जाणाऱ्या प्रवाशांनी लक्ष द्यावं, हे त्यांच्या तोंडून भोंग्यावर निघालं की संध्याकाळी भाजी निवडताना इंदुताईंना इथे ऐकू यायचं. सगळ्या गावाला ऐकू यायचं, पण त्यांना वाटायचं, नवरा घरी निरोप पाठवतोय की मी अजून आहे इथे. त्याच गालात दिवसभर तंबाखू-सुपारीचा खर्रा धरलेला असायचा, हे त्या आवाजात कळत नसे. गालाच्या आत पांढरा चट्टा निघाला, चट्ट्याची गाठ झाली, आणि नागपूरला शेकाचे, म्हणजे रेडिएशनचे, डोस घेऊन परत आले तेव्हा आवाज ओल्या कापडात गुंडाळल्यासारखा झाला होता. ते आग निवावी म्हणून वाऱ्याकडे तोंड करून बसत होते. गाड्या बघत नव्हते. हे इंदुताईंना आत्ता, या क्षणी, गॅलरीत कळत होतं.

हे कुठून सुरू झालं? खुशीपासून म्हणावं तर त्या पोरीचा काय दोष. भावाची मुलगी, औषधशास्त्राच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला, दिवाळीत आत्या-मामांना भेटायला आली होती. शेक नुकताच संपला होता आणि घरात कुणाला काही बोलायचं सुचत नव्हतं. मग तीच बोलली, आपल्या प्रयोगाचं. आत्या, तुला माहीत हाय का, शरीरातल्या प्रत्येक पेशीले मरायची आज्ञा आधीच असते. वेळ झाली का ती स्वतःच आवरून घेते, गडबड नाही, गोंधळ नाही. बिऱ्हाड सोडणाऱ्या बाईनं घर झाडावं, सामान बांधावं, किल्ली शेजारणीजवळ देऊन जावी, तसं. कॅन्सरची पेशी ती आज्ञाच विसरते. मरतच नाही. अन् लसणात, हळदीत असं काही असते ना, का ते तिले आठवन करून देते. आम्ही काचेच्या प्लेटीत पेशी वाढवतो, वरून अर्क टाकतो, दुसऱ्या दिवशी पाहतो तं त्या आपल्या आपण आटोपून गेलेल्या.

इंदुताईंच्या अंगावर काटा आला होता. म्हणजे त्या पेशीनं नेम मोडलेला असते, त्या म्हणाल्या होत्या. खुशी हसली होती, असंच म्हन आत्या. मग तिनं 'पण' म्हटलं होतं. पण आत्या, ते प्लेटीतलं हाय हं, आणखी बरंच काही. ते त्यांनी ऐकलं नाही असं नाही. ऐकलं होतं. पण भुईमुगाची शेंग फोडून दाणे घ्यावेत आणि टरफलं सुपातच राहू द्यावीत, तसं त्यांनी त्यातलं आपल्याला हवं ते उचललं. आयुष्यभर त्यांना एकच गोष्ट येत होती, नेम धरणं आणि तो न चुकता पाळणं. आणि इथे शास्त्र शिकलेली पोरगी सांगत होती की दुखणं म्हणजे दुसरं काही नाही, मोडलेला नेम. मग तो परत लावणं कुणाला जमणार, आपल्याला नाही तर? महिनोन् महिने दवाखान्याच्या बाकावर मांडीवर नुसत्या पडून असलेल्या त्या हातांना पहिल्यांदा काम मिळालं. कॅन्सर या शब्दापुढे ज्याचा आवाज मोठा होईल असं त्यांच्याजवळ काहीच नव्हतं. खल होता. त्या कुटायला लागल्या.

लसूण आणायचा कुठून, तर खालच्या मजल्यावरच्या जैबुनबीकडून. वर्षानुवर्षांचा शेजार, ईदेचा शिरखुर्मा वर यायचा आणि संक्रांतीचा तीळगूळ खाली जायचा, पण लसूण मागायला इंदुताई दारात उभ्या राहिल्या तेव्हा जैबुनबीनं दाराबाहेर डोकावून कुणी ऐकत तर नाही ना, हे बघितलं होतं.

"इंदुताई, तुमी? अन् लसून? सूरज कुठून निघाला आज?"

"औषधाले पायजे हो."

"मंग तळून देऊ का?"

"कच्चाच. वाटून देते यांना."

"या अल्ला! मी एक कच्ची पाकळी दातात धरली तं मले माह्ये मेलेले सारे आठवतात. भाऊसाब कसे खातात, तोंडात एवढे छाले असून?"

"ते काही म्हनत नाहीत," इंदुताई म्हणाल्या होत्या. किती समाधानानं म्हणाल्या होत्या.

"मर्द मानूस गप बसला तं दोनच गोष्टी, इंदुताई. खुश तरी हाय, नाही तं भेला तरी हाय," असं म्हणून जैबुनबी हसली होती, आणि त्याही हसल्या होत्या, ओंजळीत लसूण घेऊन, जिना चढताना.

ओठाची आग आता जिभेच्या शेंड्यावर येऊन बसली होती. एवढासा कण. आणि त्या तर वाटीभर देत होत्या. लसूण त्यांनी माहेरी खाल्ला होता तो फोडणीतला, करपून गोड झालेला; तीही चव आता नावालाच आठवत होती. कच्चा लसूण असा असतो, हे त्यांच्या जिभेला कधी कळलंच नव्हतं. मिरची कळली होती, कारण नैवेद्यानंतर ती आपल्याही पानात येते. हे वाटण त्यांच्या पानात कधी आलं नाही. ते देवापुढून सरळ त्या फाटलेल्या तोंडात गेलं. मधात कालवलेलं, पिवळंधमक, वर तुळस. नाकानं पाहिलं होतं. वास उग्र होता, म्हणून तर त्यांचा विश्वास बसला होता.

मागल्या फेरीला नागपूरच्या डॉक्टरांनी वामनरावांच्या तोंडात बॅटरी मारून बराच वेळ बघितलं होतं. एव्हाना हे भरून यायला हवं होतं, काका. गाठ दबलेली आहे, गेली असं मी म्हणणार नाही. पुढचं औषध द्यायचंय, पण असं सोललेलं तोंड असताना मी ते सुरू करू शकत नाही. आणि वजन बघा. असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी टाकावी लागेल. मग त्यांनी इंदुताईंना विचारलं होतं, काकू, तिखट, गरम काही देता का? आणि त्या, ज्यांनी उपासाला पाण्याचा घोटसुद्धा कधी लपवला नाही, त्या डॉक्टरांच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाल्या होत्या, नाही जी, घरात मिरचीसुद्धा बंद हाय. ते खोटं नव्हतं. हीच त्यातली भयंकर गोष्ट होती. त्यांच्या मनात ते तिखट नव्हतंच. प्रसाद होता. वामनराव शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत होते आणि त्यांनी फक्त रुमाल तोंडावर धरला होता.

उद्या परत नागपूर होतं. उद्या वजनकाटा होता.

त्या उठल्या, हात धुतले, फोन घेतला. खुशीनं लगेच उचलला. मागे कॉलेजातला गलका होता.

"खुशी, त्या पेशी खरंच मरतात ना वं? लसनानं?"

"मरतात ना आत्या. प्लेटीत. तुले सांगितलं होतं नं तवा. अन् आम्ही किती घट्ट अर्क टाकतो माहीत हाय? तेवढा रक्तात पोचवायचा म्हटलं तं मानसाले दुसरं जेवताच नाही येनार. प्लेटीत तं फिनाईल टाकलं तरी मरतात त्या." मग गलका लांब गेला, ती कुठेतरी बाजूला आली असावी. "आत्या. काहून विचारून राह्यली? मामांना देऊन राह्यली का काही?"

इंदुताईंनी गॅलरीतल्या खलाकडे बघितलं.

"कच्चा? आत्या, कच्चा देऊन राह्यली?"

"चांगल्या पेशीही मरतात का त्यानं?"

"तोंडातलं कातडं तं शेकानं आधीच गेलेलं हाय त्यांचं," खुशी म्हणाली, आणि मग अगदी हळू, "प्लेटीले जीभ नसते, आत्या."

फोन ठेवल्यावर घर फार मोठं झाल्यासारखं वाटलं. खल गॅलरीत होता, पिवळा, ओला, त्यावर एकही माशी बसत नव्हती. आता काय करायचं हा प्रश्न नव्हता. आता करायला काही उरलंच नाही, हे कळत होतं. उद्यापासून सकाळी उठून या हातांनी करायचं काय? त्या पेशी आत बसलेल्या असतील, मरण विसरलेल्या, आणि आपण बाहेर नुसतं बसायचं. दुखतं का म्हणून एवढंसुद्धा विचारलं नाही आपण. इतकी घाई होती वाचवायची. आणि जर त्यातलं थोडं, अगदी थोडं, पोचत असेल तर? आज थांबवलं आणि उद्यापासून गाठ परत उठली तर? त्यांनी खल उचलला, ठेवला, परत उचलला. देवघराकडे बघवेना. नेम मोडलेली पेशी, त्या म्हणाल्या होत्या. नेम पाळणारीनं काय केलं?

"अवं," आतून हाक आली. "आज उशीर झाला. दे लवकर. होऊन जाऊ दे एकदाचं."

होऊन जाऊ दे एकदाचं. रोज म्हणायचे ते हे. इंदुताईंना ती उत्सुकता वाटत आली होती.

त्या रिकाम्या हातांनी आत गेल्या. वामनराव खाटेवर टेकून बसले होते. स्वेटरच्या गळ्यातून मानेच्या शिरा दोऱ्यांसारख्या दिसत होत्या. सवयीनं त्यांनी तोंड उघडलं. घरट्यातलं पिल्लू चोच उघडतं, तसं. आत लाल, सोललेलं, कडांना पांढरं. रोज बघत होत्या आणि दिसत नव्हतं.

"झोंबते का हो?"

त्यांनी तोंड मिटलं. "काय?"

"रोजचं. ते."

"औषिद हाय. औषिद काय गोड असते?"

"झोंबते का, ते सांगा."

ते खिडकीकडे वळले. स्टँडकडून भोंग्यावर कुणाचा तरी परका, तरुण आवाज आला आणि विरला. "इंगळ ठेवल्यावानी होते," ते म्हणाले. "दुपारपावतर. मंग तुह्या भाताकडे पाहून पोटात भूक असते, पन तोंड नाही म्हनते."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"तुळस ठेवते तू त्याच्यावर. जिंदगीत खर्रा लय थुकला, परसाद नाही थुकला कधी." शब्द एकमेकांत अडकत होते, ते थांबून लाळ टिपत होते. "अन् तुह्यं तोंड पाहे मी. शेक सुरू झाल्यापासून तू हासली नव्हती. वाटी घेऊन यायची तं आरतीले चालल्यावानी यायची. मले वाटलं, सोसन जीभ. खर्रा, शेक, तिनं काय कमी सोसलं?"

इंदुताई खाटेच्या कडेवर बसल्या. त्यांना रडू येत नव्हतं. ओठ तेवढा जळत होता. "माह्या हातानं जाळलं मी तुमाले."

"चूप. तू काय जानून केलं?"

"अन् हे बंद केलं, अन् ती बिमारी वाढली तं?"

त्यांनी रुमालाची घडी घातली, उलगडली, परत घातली. खोटं बोलायचं असतं तर एवढा वेळ लागला नसता. "ते मले नाही ठाव," ते म्हणाले. "कोनालेच नाही ठाव. पन मले भूक लागली हाय, इंदू. आज लागली हाय. एक मागतो, देशीन?"

"मांगा."

"आता जे आनशीन ते आधी तू चाख. गरम हाय का, खारं हाय का, झोंबते का. तू खाऊन पाह्य, अन् मले म्हन का चांगलं हाय. मंग मी गिळतो. दुसऱ्या कोनाचं ऐकून आता तोंड नाही उघडत मी."

एवढ्या वर्षांत या माणसानं त्यांच्या एकाही नेमात बोट घातलं नव्हतं. बाहेर डेपोच्या कँटीनमध्ये लसणाचा ठेचा खाऊन बडीशेप चावत घरी यायचा, पण घरात कधी मागितला नाही.

"अन् नैवेद्य?" त्या म्हणाल्या.

"तुह्या देवाचं तोंड धड हाय," वामनराव म्हणाले, आणि हसायला गेले, आणि गाल ताणला म्हणून अर्ध्यातच थांबले. "माह्यं नाही."

"बरं," इंदुताई म्हणाल्या. शब्द इतका बारीक निघाला की त्यांनाच ऐकू आला की नाही कळलं नाही. म्हणून परत म्हणाल्या. "दिलं वचन."

खल त्यांनी गॅलरीतच पाण्यात बुडवून ठेवला. उद्या डॉक्टरांना सगळं सांगायचं, काय दिलं, किती दिवस दिलं, कशावर तुळस ठेवून दिलं. तेही सांगता येईल, नागपूर लांब होतं. आधी हे. मुगाची डाळ धुतली, मूठभर तांदूळ घातले, पाणी जास्त ठेवलं. हळद टाकायला डबा उघडला आणि तसाच बंद केला. शिजता शिजता वास जड झाला, मीठ पडल्यावर उकळी खाली बसली. नाकानं पाहिलं, कानानं पाहिलं. सगळं बरोबर होतं. रवीनं घोटून त्यांनी ते पातळ केलं, वाटीत ओतलं, वाटी थंड पाण्यात धरली.

देवघर त्यांच्या पाठीशी होतं. बाळकृष्ण रोजच्यासारखा एक गुडघा टेकून, हात पुढे करून बसला होता, आधी मला म्हणत. त्या वळल्या. पाठ करून चोरून करायचं नव्हतं. नवऱ्याला डोळे मिटून गिळावं लागलं तेवढं पुरे झालं. देवासमोर उभं राहून त्यांनी चमचा भरला, आणि तेवढ्यात मनगटावर सासूबाईंची ती बोटं आली. गार, हाडकुळी, प्रेमळ, समईकडे जाणारं लेकरू धरणारी. इंदुताईंनी ती सोडवली नाहीत. आतल्या खोलीत खाट करकरली. ते उठून बसत होते. त्या बोटांसकटच त्यांनी हात वर नेला, फुटलेल्या ओठाकडे.